तेरा वर्षांचा मास्तर : वर्ग सांभाळायला शिकण्याचा इतिहास

१/
इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगणा. १८३० चे दशक संपत आले आहे. निराधारांना ठेवण्यासाठी उभारलेल्या एका वर्कहाउसमध्ये तिथल्या मुलांसाठी एक छोटी शाळा चालते. एके दिवशी तिचे मास्तर आजारी पडतात. दुसरा मास्तर उपलब्ध नाही. अशा वेळी शाळा बंद पडायची किंवा मुलांचा बाजार भरायचा. इथे मात्र तसे काहीच झाले नाही. शाळा भरली, पाठ झाले, मुले जागेवर बसली.

२/
वर्गासमोर उभा होता विल्यम रश. वय सुमारे तेरा वर्षे. तोही त्याच वर्कहाउसमधला निराधार मुलगा. त्याला कोणी नेमले नव्हते आणि पगारही नव्हता. मास्तरांना तो रोज पाहत आला होता आणि पाहिले तसे त्याने केले. पाहणीसाठी आलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेस हे दृश्य पडले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ इंग्लंडमधील हजारो मुलामुलींचे आयुष्य त्या दृश्याने ठरवले.

३/
हा धागा त्या मुलामुलींविषयी आहे. प्राथमिक शाळेचा वर्ग सांभाळणे हे शिकून येणारे काम आहे, हे जगाला केव्हा कळले? ते शिकवण्याचा खर्च कोणी उचलला? आणि तो खर्च वाचवला गेला तेव्हा वर्गात नेमके काय घडले? या कथेची एक सुरुवात मद्रासमध्ये आहे आणि तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो.

४/
आधी मद्रास. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. ब्रिटिश सैनिकांची मुले तिथे शिकत. एकदा फेरफटका मारताना त्याला एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना दिसली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीचाच हा प्रकार. कागद नको, शाई नको, चुकले तर हाताने पुसायचे. बेलने ही पद्धत आपल्या शाळेत आणायचे ठरवले.

५/
पण शाळेतील शिक्षकांनी त्याला दाद दिली नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याला हाताशी धरले आणि लहान मुलांना वाळूवर अक्षरे शिकवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. मोठ्यांनी अशक्य ठरवलेले काम त्या मुलाने करून दाखवले. मग बेलने जवळजवळ सगळी शाळाच मुलांच्या हाती दिली. थोरल्याने धाकट्याला शिकवायचे. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. ‘मद्रास पद्धत’ हे नाव तिथून रूढ झाले.

६/
यातील गंमत अशी की थोरल्याने धाकट्याला शिकवणे आपल्या देशी शाळांना मुळीच नवे नव्हते. पंतोजी एकटा असे आणि मुले निरनिराळ्या टप्प्यांवर असत. धुळाक्षरे घोटून झालेला मुलगा नव्याचा हात धरी. उजळणी मोठ्याने म्हणवून घेण्याचे काम हुशार मुलाकडे असे. ही रीत मद्रासहून लंडनला गेली, तिथे तिची व्यवस्था बांधली गेली आणि ‘आधुनिक शिक्षणपद्धती’ म्हणून ती पुन्हा हिंदुस्थानात आली. १८२० च्या दशकात मुंबईतील शिक्षणसंस्थांनी जिल्ह्यांसाठी शिक्षक तयार केले, तेव्हा याच पद्धतीचा आधार घेतला होता.

७/
लंडनमध्ये तिला कारखान्याचे रूप दिले ते जोसेफ लँकेस्टरने. १७९८ मध्ये त्याने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे बरो रोडवर ती नावारूपाला आली. एक मोठी खोली, शेकडो मुले आणि एकच शिक्षक. साधारण दहा मुलांमागे एक ‘मॉनिटर’. पाट्या दाखवा, पाट्या खाली, उठा, बसा. सारे हुकमाने चाले. एक मास्तर हजार मुलांना शिकवू शकेल, असा लँकेस्टरचा दावा होता.

८/
इतकी मुले शांत कशी ठेवायची? लँकेस्टरला फटके मारणे पसंत नव्हते. त्याऐवजी त्याने बिल्ले, खेळणी आणि बक्षिसे आणली. पण त्याचबरोबर खोडकर मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवण्याची, त्याच्या पायांना बेडीसारखे लाकूड बांधण्याची आणि क्वचित त्याला टोपलीत बसवून छताला टांगण्याची शिक्षाही आणली. अंगावर वळ उठत नसत, पण चारचौघांत अपमान होई. छडी गेली, भीती राहिली. पुढील शंभर वर्षांत हा नमुना पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून तो लक्षात ठेवायला हवा.

९/
मॉनिटर पद्धत स्वस्त होती, पण तिचा मोठा दोष तिच्या पोटातच होता. मॉनिटरला जेवढे येई तेवढेच तो शिकवी आणि त्याला फारच थोडे येई. ‘हे वाच’, ‘हे म्हण’ यापलीकडे त्याची मजल जात नसे. मुलाने ‘असे का?’ विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नसे. उत्तर नसलेल्या शिक्षकापाशी दोनच मार्ग उरतात, दटावणे किंवा दुर्लक्ष करणे.

१०/
याच सुमारास ग्लासगो शहरातील डेव्हिड स्टो या व्यापाऱ्याने वेगळी वाट धरली. त्याने दाटीवाटीच्या वस्तीतील मुलांसाठी शाळा काढली आणि १८३७ मध्ये शिक्षक घडवणारी स्वतंत्र संस्था उभारली. तिथे मारही नव्हता आणि बक्षीसही नव्हते. मुले पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर एकत्र बसत, जेणेकरून प्रत्येकाला शिक्षक दिसे आणि शिक्षकाला प्रत्येक चेहरा दिसे. प्रश्न विचारत, चित्रे डोळ्यांसमोर उभी करत पाठ पुढे जाई. खेळाचे मैदान म्हणजे बिनछपराचा वर्ग, असे स्टो मानत असे. मूल खरे कसे वागते ते शिक्षकाला तिथेच कळते, असे त्याचे म्हणणे होते.

११/
स्टोच्या संस्थेतील एक प्रथा आजही आपल्या ओळखीची आहे. शिकाऊ शिक्षकाने खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायचा, त्याचे सहाध्यायी आणि गुरुजन बाजूला बसून पाहणार आणि पाठ संपल्यावर त्यावर चर्चा होणार. आवाज कुठे चढला, कोणत्या प्रश्नाला वर्ग विस्कटला, मागच्या बाकावरच्या मुलाकडे किती वेळ लक्ष गेले नाही, हे सारे बोलून दाखवायचे. आपल्या शाळांत अधूनमधून सराव पाठ घ्यायला येणारे डी. एड. चे नवे सर, त्यांच्या हातातील पाठ टाचण, घडी घातलेले तक्ते आणि मागच्या बाकावर वही उघडून बसलेले त्यांचे प्राध्यापक अनेकांना आठवत असतील. त्या दृश्याचे मूळ शोधत गेले तर एक वाट ग्लासगोला पोहोचते.

१२/
आता परत नॉरफोकला. विल्यम रशला पाहणारा अधिकारी होता डॉ. जेम्स के. पेशाने वैद्य. मँचेस्टरच्या गिरणगावात कॉलऱ्याच्या साथीत त्याने काम केले होते आणि कामगारांच्या हलाखीवर १८३२ मध्ये एक गाजलेली पुस्तिका लिहिली होती. पुढे गरीब-कायद्याचा अधिकारी म्हणून तो वर्कहाउसेस तपासत हिंडू लागला. विवाहानंतर त्याने पत्नीचे आडनाव जोडले आणि इतिहासात तो के-शटलवर्थ म्हणून ओळखला जातो.

१३/
के ने रशमध्ये मॉनिटरहून वेगळे काहीतरी पाहिले. मॉनिटर आठवड्याभरात बदलत, शाळा सोडून जात. पण एखाद्या चुणचुणीत मुलाला सुताराच्या हाताखाली ठेवतात तसे पाच वर्षे एका चांगल्या मास्तरच्या हाताखाली ठेवले तर? हॉलंडमध्ये त्याने अशी व्यवस्था पाहिली होती. लंडनजवळच्या नॉरवुड येथील निराधार मुलांच्या मोठ्या शाळेत त्याने हा प्रयोग केला आणि त्यासाठी स्टोच्या परंपरेत तयार झालेले शिक्षक स्कॉटलंडहून आणले. १८४० मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्याने शिक्षकांचे महाविद्यालय काढले. नॉरवुडची काही मुले तिथे पुढे शिकायला आली.

१४/
१८३९ पासून के सरकारच्या शिक्षण समितीचा सचिव होता. १८४६ मध्ये त्याच्या पुढाकाराने नियम निघाले आणि ‘प्युपिल टीचर’ म्हणजे विद्यार्थी-शिक्षक हे पद अस्तित्वात आले. किमान वय तेरा, उमेदवारी पाच वर्षांची. पहिल्या वर्षी दहा पाउंड, दरवर्षी वाढत पाचव्या वर्षी वीस पाउंड. साधारण पंचवीस मुलांमागे एक विद्यार्थी-शिक्षक. पैसे सरकारी तिजोरीतून.

१५/
बदल्यात मुख्याध्यापकाने त्याला आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला दीड तास शिकवायचे. त्यासाठी मुख्याध्यापकालाही सरकार मानधन देई. वर्षाच्या शेवटी निरीक्षक येई, विद्यार्थी-शिक्षकाची परीक्षा घेई आणि त्याला वर्ग चालवताना पाही. पाच वर्षांनंतर स्पर्धा परीक्षा, तीत यश मिळाले तर राणीची शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण महाविद्यालय. मजुराच्या, विणकराच्या, खाणकामगाराच्या मुलासमोर, आणि विशेषतः मुलीसमोर, हातमजुरीबाहेर जाणारी अशी वाट पूर्वी जवळजवळ नव्हतीच.

१६/
कागदावर हे देखणे होते. प्रत्यक्षात त्या तेरा वर्षांच्या मुलाचा दिवस कसा जात असे? शाळा म्हणजे बहुधा एकच लांबलचक दालन. भिंतीलगत बाकांच्या तीन-तीन रांगा, दोन वर्गांच्या मध्ये फक्त पडदा. पडद्याच्या एका बाजूला पाढे, दुसऱ्या बाजूला वाचन. स्वतःचा आवाज आपल्या मुलांपर्यंत पोहोचवायचा आणि शेजारच्या वर्गात जाऊ द्यायचा नाही. समोरची मुले आपल्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, काही तर आपल्याच गल्लीतली, कालपर्यंत आपल्यासोबत खेळलेली. दिवसभर शिकवून झाले की स्वतःचा दीड तासाचा धडा आणि रात्री घरी अभ्यास.

१७/
आणि छडी? पुढे अनेक ठिकाणी नियम असा झाला की विद्यार्थी-शिक्षकाने मुलांवर हात उगारायचा नाही. शिक्षेचा अधिकार मुख्याध्यापकाचा. नियम योग्यच होता. पण त्यामुळे खरा प्रश्न उघडा पडला. ज्याला मारण्याची मुभा नाही, वयाचा मान नाही आणि ज्ञानाचा साठा तुटपुंजा आहे, त्याने वर्ग कशाच्या बळावर चालवायचा? याचे उत्तर मुख्याध्यापकाच्या त्या दीड तासात दडले होते. कोणता धडा आधी, कोणता नंतर, प्रश्न कुणाला विचारायचा, गलका वाढला की ओरडण्याऐवजी गप्प कसे व्हायचे, हातांना काम कसे द्यायचे. ही सगळी विद्या वडीलधाऱ्याकडून धाकट्याकडे जाणारी होती. ज्या शाळेत तो दीड तास नीट दिला जाई, तिथे विद्यार्थी-शिक्षक टिके. जिथे दिला जात नसे, तिथे तो चोरून कानशिलात मारी.

१८/
मग हिशेबाची वेळ आली. शिक्षणावरचा सरकारी खर्च वाढत होता. १८६२ मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याच्या काळात ‘सुधारित संहिता’ लागू झाली. तिचे तत्त्व म्हणजे निकालानुसार पैसे. मूल पुरेसे दिवस हजर राहिले तर चार शिलिंग. निरीक्षकासमोर वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत उत्तीर्ण झाले तर आणखी आठ शिलिंग, प्रत्येक विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स. मूल नापास झाले तर शाळेचे तेवढे पैसे गेले.

१९/
विद्यार्थी-शिक्षकांचे सरकारी विद्यावेतनही थांबले. त्यांना किती द्यायचे हे आता शाळेच्या चालकांनी ठरवायचे. आठवड्याचे साडेसात तासांचे शिक्षण पाच तासांवर आले. नव्या उमेदवारांची संख्या घटली आणि उरलेल्यांसमोरचे वर्ग फुगले. आता प्रत्येक मूल म्हणजे काही शिलिंग होते. निरीक्षकाच्या दिवसापर्यंत ते मूल ठरलेला उतारा बिनचूक वाचू लागले पाहिजे, मग ते कोणत्याही मार्गाने का असेना. कवी मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होता. या व्यवस्थेने शिकवणे यांत्रिक झाले, अशी टीका तो वर्षानुवर्षे आपल्या अहवालांतून करत राहिला.

२०/
१८७० च्या कायद्याने जागोजागी सरकारी शाळा उघडल्या. १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हजेरी सक्तीची झाली. आजवर जी मुले शाळेत येतच नव्हती, ती आता वर्गात बसू लागली. उपाशी, झोपाळलेली, पहाटे कुठेतरी काम करून आलेली, शाळेचा तिटकारा असलेली. वर्ग सांभाळणे पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण झाले आणि तेच काम आता पूर्वीपेक्षा कमी शिकलेल्या हातांत होते.

२१/
या व्यवस्थेच्या शेवटच्या पिढीतील एक विद्यार्थी-शिक्षक पुढे जगप्रसिद्ध लेखक झाला. डेव्हिड हर्बर्ट लॉरेन्स, जन्म १८८५, नॉटिंगहॅमशायरमधील ईस्टवुड या कोळसाखाणींच्या गावचा. वडील खाणकामगार. १९०२ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो गावातील शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाला. समोर खाणकामगारांची दांडगी पोरे. त्याचे वडील कोण हे त्या पोरांना माहीत होते आणि त्यांचे वडील कोण हे त्यालाही. अशा वर्गात केवळ ‘सर’ म्हणवून घेतल्याने मान मिळत नाही.

२२/
तोवर व्यवस्था सुधारू लागली होती. विद्यार्थी-शिक्षकांसाठी स्वतंत्र केंद्रे निघाली होती. १९०३ च्या नियमांनी किमान वय साधारण सोळा केले आणि शिकवण्याचे काम अर्धवेळ केले. १९०४ पासून लॉरेन्स शेजारच्या इल्केस्टन गावातील केंद्रात शिकू लागला. राजाच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तो पहिल्या वर्गात आला. नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९०८ मध्ये त्याने शिक्षकाचे प्रमाणपत्र घेतले आणि लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये डेव्हिडसन रोड शाळेत वर्षाला ९५ पाउंडांवर तो रुजू झाला. शिकवण्याचा अनुभव आणि हातात प्रमाणपत्र असूनही तिथले सुरुवातीचे महिने त्याला अतिशय जड गेले, हे त्याच्या पत्रांतून दिसते.

२३/
१९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रेनबो’ या कादंबरीत त्याने हा अनुभव अर्शुला या तरुण शिक्षिकेला दिला. ती येते तेव्हा ठरवून येते की आपण मुलांवर माया करायची, त्यांना आपलेसे करायचे. पन्नासेक मुलांचा तो वर्ग तिची माया जुमानत नाही. काचेच्या तावदानापलीकडून मुख्याध्यापकाची नजर तिच्यावर असते. मुले तिच्या ताब्यात नाहीत हे शाळेला कळते आणि हळूहळू सारे तिच्याकडे कमकुवत म्हणून पाहू लागतात. शेवटी एके दिवशी ती विल्यम्स नावाच्या मुलाला छडीने झोडपते. त्यानंतर वर्ग तिचे ऐकू लागतो. ती जिंकते, पण ज्या इच्छेने ती शिक्षिका झाली होती ती इच्छा त्या दिवशी मरते.

२४/
या प्रसंगाकडे इतिहासाचा विद्यार्थी कसे पाहील? अर्शुला क्रूर नाही. तिला कोणी काही शिकवलेलेच नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीला थेट पन्नास मुलांसमोर उभे केले आहे. तिच्याजवळ बसून ‘इथे तुझा आवाज चढला, इथे तो मुलगा निसटला’ असे सांगणारे कोणी नाही. जे आहेत ते फक्त निकाल पाहतात. माया हा स्वभाव झाला, वर्ग चालवणे ही विद्या झाली. विद्या दिली नाही तर माया फार काळ टिकत नाही, आणि मग हाताशी उरते ती छडी.

२५/
या साऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध काय? १९ जुलै १८५४ चा वुडचा खलिता सर्वांना माहीत आहे. त्यात हिंदुस्थानसाठी शिक्षक-प्रशिक्षणाची जी योजना सुचवली आहे ती इंग्लंडच्या विद्यार्थी-शिक्षक पद्धतीच्या नमुन्यावर होती. शाळेतील होतकरू मुले निवडा, त्यांना थोडे विद्यावेतन द्या, त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांना मोबदला द्या, मग नॉर्मल स्कूलमध्ये पाठवा आणि प्रमाणपत्र देऊन नेमा. वर्कहाउसमधल्या एका मुलावरून सुचलेली कल्पना अशा रीतीने आपल्या खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचायची होती.

२६/
पण या खलित्याच्या आधीच महाराष्ट्रात एका तरुणीने हा रस्ता स्वतः चालून पाहिला होता. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. क्रॉयडनच्या वर्गापेक्षा त्यांच्यासमोरचा प्रश्न वेगळा होता. सक्तीने आलेली मुले आवरायची नव्हती. ज्या घरांत मुलीच्या हाती पाटी देणे पाप मानले जाई, त्या घरांतून मुलगी दुसऱ्या दिवशीही शाळेत यावी, हे साधायचे होते. तिथे भीतीचा मार्ग उपलब्धच नव्हता. मुलगी घाबरली असती तर शाळाच बंद पडली असती.

२७/
म्हणूनच १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेले निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचावे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना आठवते. पण शिक्षक कसा असावा हेही त्यांनी तिथे सांगितले आहे. शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शेतकरी समाजातून यावा, म्हणजे मुलांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल. त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये असावा. सक्ती, प्रशिक्षण आणि पगार या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. इंग्लंडमध्ये सक्ती आणताना उरलेल्या दोन्हींत काटकसर झाली आणि तिची किंमत मुलांनी तळहातांवर मोजली.

२८/
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये विद्यार्थी-शिक्षकाचे पद मागे पडत गेले. १९०७ पासून भावी शिक्षकांना आधी माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्यासाठी आर्थिक मदत मिळू लागली. तेरा वर्षांच्या मुलाला मास्तर करणे अन्यायाचे आहे, हे मान्य व्हायला साठ वर्षे लागली. तिथल्या सरकारी शाळांतून छडी कायद्याने हद्दपार व्हायला मात्र १९८६ उजाडले. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींस मनाई केली. लँकेस्टरची टोपलीही त्या मनाईत आली.

२९/
या दोन तारखांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. छडीवर बंदी घालणारा नियम लिहिणे सोपे, तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातही विद्यार्थी-शिक्षकांसाठी लिहिलेला होता. छडीच्या जागी काय द्यायचे, हे ठरवणे खर्चिक असते. कारण ते द्यायला वेळ लागतो, जाणता शिक्षक शेजारी बसावा लागतो आणि शिकाऊ माणसाला चुकण्याची मुभा द्यावी लागते. प्रशिक्षणाचा वेळ कापला गेला आणि वर्ग फुगवला गेला की छडी मागच्या दाराने परत येते. १८६२ नंतरचा इंग्लंड हा त्याचा पुरावा आहे.

३०/
विल्यम रशने त्या दिवशी वर्ग शांत ठेवला, याचे त्या काळी कौतुक झाले. ते कौतुक योग्यच होते. पण मास्तर आजारी पडल्यावर शाळा चालवायला तिथे दुसरा कोणी मोठा माणूस नव्हता, याकडेही पाहायला हवे. पुढच्या वेळी एखाद्या वर्गात नवखे सर किंवा नवख्या बाई थरथरत्या हाताने फळ्यावर तारीख लिहिताना दिसल्या आणि मागच्या बाकावर त्यांचे गुरुजी वही उघडून बसलेले दिसले, तर त्या वहीचे मोल ओळखावे. तो मागचा बाक रिकामा नसावा, यासाठी जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

(धागा समाप्त)